वेळेचे मूल्य : मूत्रपिंडाचा कर्करोग, होमिओपॅथी आणि रुग्णाचा निर्णय

आरोग्यसेवा ही बाजारातील अन्य सेवांसारखी सेवा नाही, ही गोष्ट अर्थशास्त्राने फार पूर्वीच मान्य केली आहे. धान्य अथवा कापड घेणारा ग्राहक मालाची प्रत स्वतः पारखतो. माल वाईट निघाल्यास पुढच्या वेळी दुकान बदलतो. रुग्णाला यांपैकी काहीच सहज शक्य नसते. आपल्याला नेमके काय झाले आहे, कोणता उपचार आवश्यक आहे आणि तो गुणकारी ठरला की नाही, या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांसाठी त्याला चिकित्सकावरच विसंबून राहावे लागते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात वैद्यकीय सेवेतील ही अनिश्चितता आणि माहितीची असममितता प्रथम पद्धतशीरपणे मांडली. सर्दी-पडशासारख्या आजारात या असममितीची किंमत अल्प असते. कर्करोगात मात्र ती आयुष्याच्या वर्षांत मोजावी लागते.

उदाहरणादाखल एका रुग्णाची कल्पना करू. बेळगावहून नोकरीनिमित्त बंगळुरूला आलेला, पीण्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काम करणारा पन्नाशीचा कामगार पोटाच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी करून घेतो आणि डाव्या मूत्रपिंडात पाच सेंटिमीटरची गाठ आढळते. सी. टी. स्कॅनमध्ये ती कर्करोगाची असण्याची दाट शक्यता दिसते. शल्यविशारद शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. घरी चर्चा होते. ‘शस्त्र लागले की कर्करोग पसरतो’ असे कोणी सांगतो; कोणी ओळखीच्या होमिओपॅथिक चिकित्सकाचे नाव सुचवतो. रुग्णाला वेदना नाहीत, तो कामावर जाऊ शकतो, शस्त्रक्रियेचा खर्च व धास्ती दोन्ही मोठी आहेत. ‘सहा महिने गोळ्या घेऊन पाहू, गुण आला नाही तर शस्त्रक्रिया आहेच’ असा विचार कुटुंब करू लागते. हा विचार वरकरणी व्यवहार्य वाटतो. त्यातील गृहीतके तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

रोगाचे स्वरूप

प्रौढांमधील मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी बहुसंख्य कर्करोग हे मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींपासून उद्भवतात. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली जगात या रोगाचे सुमारे ४ लाख ३० हजार नवे रुग्ण आढळले आणि दीड लाखाहून अधिक रुग्ण दगावले. भारतात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या रुग्णांची संख्या १७ हजारांच्या आसपास आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ सालासाठी देशात सर्व प्रकारच्या कर्करोगांचे मिळून १४.६१ लाख नवे रुग्ण असतील असा अंदाज वर्तवला होता. त्या तुलनेत हा रोग विरळ ठरतो. परंतु उपचाराच्या अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो विशेष बोधप्रद आहे.

धूम्रपान, स्थूलता आणि उच्च रक्तदाब ही या रोगाची प्रमुख जोखीमकारणे होत. लघवीतून वेदनारहित रक्तस्राव, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ ही त्याची पाठ्यपुस्तकी लक्षणे मानली जातात. तथापि ही तिन्ही एकत्र दिसणारे रुग्ण थोडेच असतात. सोनोग्राफीचा प्रसार झाल्यापासून अनेक गाठी अन्य कारणासाठी केलेल्या तपासणीत अनपेक्षितपणे आढळतात. म्हणजेच निदानाच्या वेळी रुग्णाला कोणताच त्रास नसणे ही या रोगात नित्याची बाब आहे. त्रास नाही म्हणून धोका नाही, असा निष्कर्ष मात्र त्यावरून काढता येत नाही.

रोगाचे चार टप्पे मानले जातात. गाठ सात सेंटिमीटरपर्यंत आणि मूत्रपिंडातच मर्यादित असेल तर पहिला टप्पा; त्याहून मोठी परंतु मूत्रपिंडातच असेल तर दुसरा; ती मूत्रपिंडाच्या मुख्य रक्तवाहिनीत वा सभोवतालच्या ऊतींत शिरली अथवा जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली तर तिसरा; आणि फुप्फुसे, हाडे अशा दूरच्या अवयवांत पसरली तर चौथा टप्पा. अमेरिकेतील कर्करोग नोंदणीनुसार रोग मूत्रपिंडापुरता मर्यादित असताना निदान झालेल्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण, इतर कारणांनी होणारे मृत्यू वगळता, पाच वर्षांनंतर हयात असतात. रोग दूरवर पसरल्यावर निदान झाल्यास हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आत येते.

या रोगाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, पारंपरिक रसायनोपचार व किरणोपचार यांना तो फारसा दाद देत नाही. रोग मर्यादित असताना शस्त्रक्रिया हाच बरे करणारा प्रमुख उपचार होय. गाठ लहान असल्यास तेवढाच भाग काढून उर्वरित मूत्रपिंड वाचवता येते. मोठी असल्यास संपूर्ण मूत्रपिंड काढावे लागते. आपल्या उदाहरणातील रुग्ण आज पहिल्या टप्प्यात आहे. त्याच्यासमोर असलेली संधी कायमची नाही.

होमिओपॅथी : तत्त्व, इतिहास आणि कायदेशीर स्थान

जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान (१७५५-१८४३) यांनी १७९६ साली होमिओपॅथीची मूळ कल्पना मांडली. निरोगी व्यक्तीत जी लक्षणे एखाद्या द्रव्यामुळे उत्पन्न होतात, तशीच लक्षणे असलेल्या रोग्याला ते द्रव्य अत्यल्प मात्रेत दिल्यास रोग बरा होतो, असे या पद्धतीचे प्रतिपादन आहे. औषध वारंवार विरल करून आणि घुसळून त्याची ‘पोटेन्सी’ वाढवली जाते. शतमान पद्धतीत प्रत्येक पायरीला एक भाग औषध व ९९ भाग माध्यम असे मिश्रण केले जाते. ‘३० सी’ या प्रचलित पोटेन्सीत अशा ३० पायऱ्या असतात, म्हणजे मूळ द्रव्याचे विरलीकरण १ वर ६० शून्ये इतके होते. रसायनशास्त्रातील ॲव्होगाड्रो संख्या विचारात घेता साधारण १२ व्या पायरीनंतर मूळ द्रव्याचा एखादा रेणूही औषधात उरण्याची शक्यता नगण्य होते. आधुनिक विज्ञानाचा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप हाच आहे.

भारतात ही पद्धती एकोणिसाव्या शतकात आली. लाहोर दरबारात १८३९ साली डॉ. होनिगबर्गर यांनी महाराजा रणजितसिंह यांच्यावर केलेल्या उपचारांचा उल्लेख तिच्या इतिहासात नेहमी येतो. कोलकात्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८६७ साली तिचा जाहीर पुरस्कार केला. याच सरकारांनी पुढे १८७६ साली ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापन केली. कर्नाटकात मंगळुरूजवळच्या कंकनाडी येथे फादर ऑगस्टस म्युलर यांनी १८८० साली गरिबांसाठी होमिओपॅथिक दवाखाना सुरू केला. आज त्याच संस्थेच्या छत्राखाली होमिओपॅथी आणि आधुनिक वैद्यक या दोन्हींची स्वतंत्र महाविद्यालये व रुग्णालये चालतात. स्वस्त औषध, सेवाभाव आणि आधुनिक वैद्यकाची तत्कालीन टंचाई यांमुळे ही पद्धती भारतीय समाजात रुजली.

स्वातंत्र्योत्तर काळात तिला कायदेशीर अधिष्ठान मिळाले. १९७३ साली केंद्रीय होमिओपॅथी परिषद कायदा संमत झाला. १९७५ साली कोलकात्यात राष्ट्रीय होमिओपॅथी संस्था आणि १९७८ साली केंद्रीय होमिओपॅथी संशोधन परिषद अस्तित्वात आली. १९९५ साली स्थापन झालेल्या भारतीय वैद्यक पद्धती व होमिओपॅथी विभागाचे २००३ साली ‘आयुष’ असे नामांतर झाले आणि ९ नोव्हेंबर २०१४ रोजी स्वतंत्र आयुष मंत्रालय निर्माण झाले. १९७३ च्या कायद्याची जागा पुढे राष्ट्रीय होमिओपॅथी आयोग कायदा, २०२० याने घेतली. बंगळुरूमध्ये शासकीय होमिओपॅथिक वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेव्हा आपल्या रुग्णाला ज्याच्याकडे जाण्यास सुचवले गेले, तो चिकित्सक पदवीधर व नोंदणीकृत असण्याचीच शक्यता अधिक. येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. एखाद्या पद्धतीला शासनाने मान्यता देणे म्हणजे तिच्या शिक्षणाचे व व्यवसायाचे नियमन करणे होय. त्या पद्धतीचा उपचार विशिष्ट रोगावर परिणामकारक आहे की नाही, हे पुराव्याने स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

पुरावा काय सांगतो?

मूत्रपिंडाच्या कर्करोगाची गाठ होमिओपॅथीने बरी होते असे दाखवणारी एकही विश्वसनीय नियंत्रित चाचणी उपलब्ध नाही. व्यापक पातळीवर पाहता, ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक वैद्यकाच्या ११० चाचण्यांची तुलना करण्यात आली. मोठ्या व उत्तम दर्जाच्या चाचण्यांपुरता विचार केला असता होमिओपॅथीचा परिणाम औषधविरहित गोळीच्या परिणामाशी मिळताजुळता असल्याचे आढळले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा कोणत्याही आजाराबाबत आढळत नाही, असा निष्कर्ष काढला.

कर्करोगाच्या मूळ उपचारांमुळे होणारे त्रास कमी करण्यासाठी होमिओपॅथीचा उपयोग होतो का, याचा आढावा कॉक्रेन संघटनेने २००९ साली घेतला. त्यात ८ चाचण्या व ६६४ रुग्णांचा समावेश होता. किरणोपचाराने होणाऱ्या त्वचादाहावर कॅलेंड्युलाचे मलम आणि रसायनोपचारामुळे तोंड येण्यावर एका चूळद्रवाचा काही लाभ संभवतो, असा प्राथमिक निष्कर्ष निघाला. त्याला अधिक चाचण्यांनी दुजोरा मिळण्याची आवश्यकताही नोंदवण्यात आली. हा निष्कर्ष मूळ उपचारांच्या जोडीने द्यावयाच्या साहाय्यक उपायांविषयी आहे. गाठ नष्ट होण्याशी त्याचा संबंध नाही.

मूळ उपचार टाळल्यास काय घडते, याविषयी अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दोन अभ्यास प्रसिद्ध केले. पहिल्यात केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ आणि प्रस्थापित उपचार घेतलेल्या ५६० रुग्णांची तुलना होती. पर्यायी उपचारांवर विसंबलेल्यांमध्ये मृत्यूची जोखीम अडीचपट आढळली. हे रुग्ण स्तन, फुप्फुस, मोठे आतडे व पुरःस्थ ग्रंथी यांच्या न पसरलेल्या कर्करोगाचे होते. दुसऱ्या अभ्यासात प्रस्थापित उपचारांच्या जोडीला पूरक उपचार घेणाऱ्या रुग्णांचा विचार होता. त्यांच्यातही मृत्यूची जोखीम दुप्पट दिसली. मात्र शस्त्रक्रिया, रसायनोपचार इत्यादी नाकारण्याचे अधिक प्रमाण हिशेबात घेतल्यावर हा फरक उरला नाही. म्हणजे अपाय पूरक उपचारामुळे झालेला दिसत नाही. तो मूळ उपचार नाकारल्यामुळे वा लांबवल्यामुळे झाला. सांख्यिकीच्या विद्यार्थ्यांसाठी कारण आणि मध्यस्थ घटक यांतील भेदाचे हे उत्तम उदाहरण आहे. त्याचबरोबर हे निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने दोन गटांतील सर्व भेद त्यात पूर्णतः वगळता येत नाहीत, ही मर्यादाही नोंदवली पाहिजे.

‘गाठ वाढली नाही’ या अनुभवाचा अर्थ

पुराव्याची ही स्थिती असतानाही ‘अमक्याची गाठ होमिओपॅथीने थांबली’ असे अनुभव लोक प्रामाणिकपणे सांगतात. मूत्रपिंडाच्या बाबतीत अशा अनुभवांना रोगाच्या स्वभावातच कारणे सापडतात. पहिले, चार सेंटिमीटरहून लहान गाठींपैकी सुमारे एक पंचमांश गाठी मुळात कर्करोगाच्या नसतात. दुसरे, लहान गाठी अनेकदा अत्यंत मंद गतीने, वर्षाला सरासरी सुमारे ३ मिलिमीटर, वाढतात. सहा महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीत एवढा बदल ओळखू येईलच असे नाही. तिसरे, उपचाराविना रोग आपोआप मागे हटल्याची उदाहरणे या कर्करोगात नोंदलेली आहेत. परंतु त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. चौथे, ज्यांना गुण आला तेच अनुभव सांगण्यासाठी उरतात. ज्यांचा रोग बळावला त्यांचे कथन ऐकू येत नाही. या कारणांमुळे एका रुग्णाच्या अनुभवावरून उपचाराचा गुण ठरवता येत नाही. त्यासाठी तुलनेचा गट लागतो.

गाठीच्या मंद वाढीचा आधार आधुनिक वैद्यकही घेते, हे येथे सांगितले पाहिजे. वृद्ध वा अन्य गंभीर आजार असलेल्या रुग्णांत लहान गाठीवर तात्काळ शस्त्रक्रिया न करता ‘सक्रिय निरीक्षण’ हा मान्य पर्याय आहे. त्यात ठरावीक अंतराने स्कॅन केले जातात, वाढीची मर्यादा आधीच ठरवलेली असते आणि ती ओलांडताच शस्त्रक्रिया केली जाते. गोळ्या घेत सहा महिने थांबणे आणि सक्रिय निरीक्षण या दोन्हींत कालावधी सारखाच भासतो. पण पहिल्यात मोजमाप नाही, थांबण्याची मर्यादा नाही आणि ‘आजार बरा होण्यापूर्वी लक्षणे उफाळतात’ यांसारख्या स्पष्टीकरणांना वाव राहतो. निरीक्षण आणि विलंब यांतील सीमारेषा मोजमापाची आहे. आपल्या रुग्णाची गाठ पाच सेंटिमीटरची असून त्याची प्रकृती अन्यथा उत्तम आहे. अशा रुग्णाला सामान्यतः शस्त्रक्रियेचाच सल्ला दिला जातो.

रुग्ण पर्यायाकडे का वळतो?

या प्रश्नाचे ‘अज्ञान’ हे एका शब्दाचे उत्तर अपुरे आहे. बंगळुरूमध्ये सुविधांची वाण नाही. १९७३ साली सुरू झालेली किडवई मेमोरियल इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजी १९८० पासून प्रादेशिक कर्करोग केंद्र म्हणून कार्यरत आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमांतर्गत देशातील आरंभीच्या लोकसंख्याधारित नोंदण्यांपैकी एक १९८२ साली याच शहरात सुरू झाली. व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात मूत्रपिंड व मूत्रमार्ग विकारांसाठी शासनाची स्वतंत्र संस्था आहे. तरीही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातील गर्दी, तपासण्यांसाठी होणाऱ्या खेपा, बुडालेली मजुरी आणि डॉक्टरांशी मिळणारा जेमतेम पाच मिनिटांचा वेळ यांची किंमत रुग्ण मनोमन मोजत असतो. होमिओपॅथिक चिकित्सक तासभर ऐकून घेतो, औषध स्वस्त असते आणि शस्त्राची भीती नसते. रुग्णाच्या दृष्टीने हे लाभ खरे आहेत. आधुनिक वैद्यकाने ते दुर्लक्षित केल्यामुळेच पर्यायाचे आकर्षण वाढते.

खर्चाचा प्रश्न तर उघड आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) कर्करोगासाठी एका वेळच्या रुग्णालय-भरतीचा सरासरी वैद्यकीय खर्च सुमारे ६१ हजार रुपये होता. सार्वजनिक रुग्णालयात तो सुमारे साडेबावीस हजार, तर खाजगी रुग्णालयात ९३ हजारांहून अधिक होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट लक्षणीय असली तरी उरलेला वाटा दुर्बल कुटुंबाला कर्जात लोटण्यास पुरेसा आहे.

खर्चाचा अडथळा दूर केल्यास काय घडते, याचे उत्तर कर्नाटकानेच दिले आहे. राज्यातील दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी २०१० साली उत्तर कर्नाटकात ‘वाजपेयी आरोग्यश्री’ ही योजना प्रथम लागू झाली. कर्करोग, हृदयविकार अशा मोठ्या आजारांवरील तृतीय स्तराचे उपचार तीत विनामूल्य होते. योजना लागू झालेल्या व न झालेल्या भागांच्या सीमेलगतच्या गावांची तुलना करणारा अभ्यास २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. योजनेत समाविष्ट असलेल्या आजारांमुळे गरीब कुटुंबांत होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण योजनेच्या गावांत ०.३२ टक्के, तर अन्य गावांत ०.९० टक्के आढळले. म्हणजे ते ६४ टक्क्यांनी कमी होते. मोठ्या रुग्णालयातील उपचारांवर खिशातून होणारा खर्चही सुमारे एक तृतीयांशाने घटलेला दिसला. पैशांची सोय होताच लोक परिणामकारक उपचारांकडे वळतात, असा याचा अर्थ आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी आरंभ झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना प्रति कुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठ नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता तिचा लाभ देण्यात आला. बाह्यरुग्ण तपासण्या, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा भार मात्र बहुतांशी कुटुंबावरच राहतो, आणि निर्णय लांबणीवर पडतो तो नेमका याच टप्प्यावर.

विलंबाची किंमत आणि सक्तीचा परवाना

अर्थशास्त्रात एखाद्या निवडीची खरी किंमत तिच्यासाठी सोडून दिलेल्या सर्वोत्तम पर्यायाने मोजतात. यालाच संधी-खर्च म्हणतात. सहा महिन्यांच्या गोळ्यांचा रोख खर्च काही हजार रुपयेच असेल. पण त्या काळात रोग तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यात गेला तर एकदाच करावयाच्या शस्त्रक्रियेच्या जागी दीर्घकाळ घ्यावयाची महागडी औषधे येतात आणि तीही बहुधा रोग केवळ काही काळ रोखतात.

या औषधांच्या किमतीचा इतिहास भारताच्या बौद्धिक संपदा धोरणाचा महत्त्वाचा अध्याय आहे. ‘सोराफेनिब’ या लक्ष्याधारित औषधाला डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या मूत्रपिंड कर्करोगासाठी मान्यता मिळाली. चाचणीत रोग बळावण्यापूर्वीचा मध्यक कालावधी त्याने २.८ महिन्यांवरून ५.५ महिन्यांवर नेला होता. भारतात पेटंटधारक बायर कंपनी महिन्याभराच्या १२० गोळ्यांसाठी सुमारे २ लाख ८० हजार रुपये आकारत असे. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ८४ अन्वये ९ मार्च २०१२ रोजी पेटंट महानियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको फार्मा कंपनीला देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ८,८८० रुपयांवर आली. जनतेच्या वाजवी गरजांची पूर्तता न होणे, किंमत परवडणारी नसणे आणि शोधाचा भारतात पुरेसा वापर न होणे ही तीन कारणे त्यामागे होती. पेटंटधारकाला द्यावयाचे स्वामित्वशुल्क आरंभी ६ टक्के होते. ते तत्कालीन बौद्धिक संपदा अपील मंडळाने २०१३ साली ७ टक्के केले. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला. त्यानंतरच्या काळात रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारी अधिक परिणामकारक औषधे आली. त्यांच्या किमतीचा प्रश्न आजही बिकट आहे. किंमत ९७ टक्क्यांनी उतरवणारे धोरण औषध गरिबाच्या आवाक्यात आणू शकते. गमावलेला पहिला टप्पा मात्र कोणतेही धोरण परत आणू शकत नाही.

कायद्याची चौकट

औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या कलम ३ अन्वये परिशिष्टातील आजारांवरील उपचारांची जाहिरात करण्यास मनाई आहे. कर्करोगाचा या परिशिष्टात समावेश असून कोणत्याही पद्धतीच्या औषधाला ही मनाई लागू होते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला. १९९६ साली मुंबईतील एका रुग्णाच्या मृत्यूप्रकरणी होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या चिकित्सकाने आधुनिक औषधे दिल्याचे निष्पन्न झाले असता न्यायालयाने तो निष्काळजीपणा ठरवून ३ लाख रुपयांची भरपाई देवविली. महाराष्ट्रात २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना मर्यादित औषधे देण्याची मुभा देण्यात आली. हा विषय वादाचा राहिला आहे. तथापि १९५४ चा कायदा जाहिरातीपुरता आहे. दवाखान्याच्या चार भिंतींआड दिलेले तोंडी आश्वासन त्याच्या कक्षेत सहज येत नाही. तेथे रुग्णाचे स्वतःचे प्रश्नच त्याचे संरक्षण करू शकतात.

पूरक उपचारांचे स्थान

राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ ने वैद्यकीय बहुविधता स्वीकारली आहे. रुग्णाने कोणाकडे जावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच आहे. या अधिकाराला अर्थ यावा म्हणून काही पथ्ये आवश्यक ठरतात. शस्त्रक्रियेची तारीख निश्चित करून त्याच्या जोडीने रुग्णाने होमिओपॅथिक गोळ्या घेतल्यास सहसा अपाय नसतो. मात्र त्याची माहिती मूळ चिकित्सकांना दिली पाहिजे. उच्च पोटेन्सीत मूळ द्रव्य उरत नसले तरी मूळ अर्क व अल्प विरलीकरणाची औषधे यांत सक्रिय द्रव्ये असू शकतात आणि मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी ही बाब क्षुल्लक नाही. शस्त्रक्रियेविषयी शंका असल्यास दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचे मत घेण्यास या रोगात बहुधा पुरेसा अवधी असतो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळे देशभरातील केंद्रांत समान उपचारसूत्रे रुजविण्याचा प्रयत्न होत आहे.

रोग हाताबाहेर गेलेल्या रुग्णाचा विचार निराळा करावा लागतो. त्याला चमत्काराचे आश्वासन विकण्याऐवजी वेदनाशमन आणि सन्मानाची काळजी देणे हे समाजाचे कर्तव्य ठरते. बंगळुरूतील ‘करुणाश्रय’ ही संस्था १९९९ पासून अशा कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आहे. परिहार सेवेचा हा मार्ग बहुसंख्य रुग्णांना माहीतही नसतो.

समारोप

आपल्या उदाहरणातील कामगाराने होमिओपॅथिक चिकित्सकाला तीन प्रश्न विचारावेत : या उपचाराने माझ्यासारख्या किती रुग्णांची गाठ गेली याची नोंद आहे काय? गाठीचे मोजमाप केव्हा व कशाने होईल? ती किती वाढल्यास आपण स्वतः मला शस्त्रक्रियेसाठी पाठवाल? प्रामाणिक चिकित्सक, मग तो कोणत्याही पद्धतीचा असो, या प्रश्नांचे स्वागत करील. आणि मूत्रपिंडाच्या मर्यादित कर्करोगाबाबत तो पहिल्याच भेटीत रुग्णाला शल्यविशारदाकडे परत पाठवील. शासनाच्या दृष्टीने कार्यक्रम तेवढाच स्पष्ट आहे : निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंतच्या टप्प्यातील तपासण्या, प्रवास व मजुरीचा भार हलका करणे, सार्वजनिक रुग्णालयांत समुपदेशकांची पदे भरणे आणि आयुष चिकित्सकांना कर्करोगाच्या संशयित रुग्णांची त्वरित पाठवणी करण्याच्या व्यवस्थेत सामील करून घेणे. रुग्ण ज्या दारी प्रथम जातो, त्या दारातून योग्य ठिकाणी जाण्याची वाट निघाली तर पहिल्या टप्प्यातील रुग्ण पहिल्या टप्प्यातच शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचेल.